पहिल्या रांगेतली सात नंबरची छत्री

माझं डोकं फिरलं की माझा नवरा तेरेंझियो म्हणतो, "ओर्सोला, आधी बस, मग बोल." त्या दिवशी मी बसले नाही. बसणार कशावर? आमच्या दोन्ही खुर्च्या बाकीच्या सामानासकट त्या लोरिसने किनाऱ्यावरच्या बारच्या स्वयंपाकघरामागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी नेऊन टाकल्या होत्या.

आम्ही आस्ती गावचे. समुद्र आमच्यापासून रेल्वेने अडीच तासांवर. दर वर्षी एक ऑगस्टला सकाळच्या गाडीने पोर्तोसेर्राला यायचं, ठरलेल्या घरातल्या ठरलेल्या दोन खोल्या घ्यायच्या आणि तीन आठवडे एर्मेतेच्या किनाऱ्यावर पडून राहायचं, हे चौतीस वर्षं चाललंय. किनारा काही एर्मेतेच्या बापाचा नाही, सरकारचा आहे. सरकारने तो त्याला छत्र्या लावायला दिलाय. पण एकदा छत्री लागली की माणसाला खालची वाळूही आपलीच वाटायला लागते. एर्मेतेला वाटायची, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटायची.

एर्मेतेकडे बुकिंग वगैरे भानगड नव्हती. आमच्या निघायच्या दिवशी तो स्वतः यायचा, आमची छत्री स्वतःच्या हाताने मिटायचा आणि म्हणायचा, "सामान राहू द्या." बस्स. सामान म्हणजे कपडे बदलायच्या केबिनमध्ये ठेवलेल्या खुर्च्या, रबरी चपला, वाळूत खेळायचे लाकडी गोळे, माझी गवती टोपी. ते हिवाळाभर तिथे राहिलं म्हणजे पुढच्या ऑगस्टात ती छत्री आमची. आम्ही त्याला बार्बेरा वाइनच्या दोन बाटल्या द्यायचो, तो हात मिळवायचा. कागद कुणी कधी मागितला नाही. मागितला असता तर एर्मेते आठवडाभर आमच्याशी बोलला नसता.

चार वर्षांपूर्वी तेरेंझियोला कंपवात झाला. रेल्वेच्या कारखान्यात ब्रेक बसवणारा माणूस, आता शर्टाचं एक बटण लावायला दहा मिनिटं घेतो. हातांचं एक वेळ चालतं, मी आहे बटणं लावायला. वाईट आहे ते पायांचं. चालता चालता ते जमिनीला चिकटतात. दार आलं, फरशीचा रंग बदलला, कुणी समोरून आलं, की तो उभाच राहतो, आणि मी शेजारी उभी राहते.

पण कमरेइतक्या पाण्यात गेला की तो चालतो. सरळ, खांदे मागे टाकून, कुणाला न धरता, वळतोसुद्धा. डॉक्टर म्हणाले, पाणी माणसाला धरून ठेवतं म्हणून असं होतं. मला कारणाशी काय करायचंय? मला एवढंच ठाऊक की वर्षातले एकवीस दिवस माझा नवरा चालतो आणि उरलेले तीनशे चव्वेचाळीस दिवस तो त्या एकवीस दिवसांची वाट बघतो. पहिल्या रांगेतल्या सात नंबरच्या छत्रीपासून पाणी त्याच्या बावीस पावलांवर होतं. बावीस त्याला जमायची.

मागच्या ऑक्टोबरात एर्मेते आजारी पडला आणि फेब्रुवारीत गेला. त्याच्या मुलीला, नीवेसला, मी पत्र पाठवलं. तिने आभार मानले आणि खाली लिहिलं, 'उन्हाळ्यात या, बाबांना बरं वाटेल.' आता 'या' याचा अर्थ मी काय घ्यायचा?

तर एक ऑगस्टला आम्ही गेलो. काउंटरवर नीवेसचा नवरा लोरिस उभा. पांढरा सदरा, अनवाणी पाय, हातात टॅब. हा माणूस मला सहा वर्षं ओळखतो. माझ्या हातचा पीचचा केक त्याने दोनदा मागून खाल्लाय.

"नाव?" त्याने विचारलं.

"नाव कसलं विचारतोस, लोरिस? आम्ही आहोत."

"सिन्योरा, सिस्टीमला 'आम्ही' कळत नाही."

मी नाव सांगितलं. त्याने बोट वर नेलं, खाली आणलं. "तुमचं काही दिसत नाहीये."

"आमचं सामान केबिनमध्ये आहे. ते दिसतंय का?"

"केबिन मार्चमध्ये पाडल्या. सामान मागे ठेवलंय. अगदी नीट ठेवलंय."

नीट! काळ्या पिशवीत, उष्ट्या शिंपल्यांच्या डब्याला टेकवून. माझ्या टोपीचा वास घेऊन बघायला हवा होता त्याने. मी स्वतःला आवरलं आणि विचारलं, "सात नंबरवर कोण आहे?"

"पहिल्या रांगेत आता नंबरच नाहीत, सिन्योरा. पहिली रांग म्हणजे आता एक अनुभव आहे."

"काय आहे?"

"अनुभव. लोकांना हल्ली नुसती छत्री नको असते."

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. जिथे आमच्या छत्र्या होत्या तिथे पलंग. हो, पलंग! चार खांब, पांढरे पडदे, उशा, शेजारी बर्फाची बादली. समुद्रावर येऊन पडदे ओढून झोपायचं असेल तर घरी काय वाईट आहे?

"नवव्या रांगेत एकशे बारा मोकळी आहे," लोरिस म्हणाला. "आजच कुणीतरी रद्द केली. नशीब समजा."

"अरे, हा नवव्या रांगेपासून पाण्यापर्यंत जाणार कसा? तुला दिसतोय ना तो?"

लोरिसने तेरेंझियोकडे पाहिलं, पण असं की जणू खिडकीतून बाहेर बघतोय. "आम्ही नोव्हेंबरमध्ये सगळ्यांना मेसेज पाठवले होते. जुन्या लोकांना आधी निवड दिली होती. तुमचं उत्तर आलं नाही."

एर्मेतेच्या वहीत आमच्या घरच्या फोनचा नंबर होता. तो फोन आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केला. मेसेज कुठे गेला, देव जाणे. कॉफीच्या यंत्रामागे नीवेस उभी होती. इतका वेळ ती एकच कप धूत होती आणि तिने मान वर केली नाही. तेरेंझियोने माझी बाही ओढली. त्याचा आवाज आता फार बारीक झालाय. "घेऊ, ओर्सोला. एकशे बारा घेऊ."

नववी रांग म्हणजे रस्त्याच्या भिंतीला चिकटून, अंघोळीच्या नळांशेजारी. तिथून समुद्र दिसत नाही, लोकांच्या पाठी दिसतात. पूर्वी फळ्यांची एक वाट थेट पाण्यापर्यंत जायची. लोरिसने ती बारकडे वळवली होती, म्हणजे लोकांनी अनवाणी पायांनी जावं ते पैसे खर्च करायला. पुढे नुसती मऊ, तापलेली वाळू.

तरी तो निघाला. मी दंड धरला होता. आठवी रांग, सातवी, सहावी. प्रत्येक रांगेत कुणाचा तरी पाय आडवा, कुणाची पिशवी आडवी. लोक पाय घ्यायचे, हसायचे, "सावकाश, सावकाश" म्हणायचे. चौथ्या रांगेपाशी त्याचा घाम डोळ्यांत उतरायला लागला. वीस मिनिटं झाली होती. दुसऱ्या रांगेशी दोन पलंगांमधली फट समोर आली, तिला लोरिसने शोभेची दोरी लावली होती. दोरी दिसली आणि त्याचे पाय चिकटले. वरचं शरीर मात्र पुढे गेलं. मला सावरता आलं नाही. तो वाळूत तोंडावर पडला.

पलंगावरची एक बाई उठून बसली. गोरीपान, सोनेरी चष्मा. तिने बघितलं, मग नवऱ्याला म्हणाली, "पडदा ओढ रे जरा." आणि त्याने ओढला. त्याने खरंच ओढला! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

तेरेंझियोला उठवलं ते बाल्दोने. बाल्दो आणि क्लेलिया, आलेस्सांद्रियाचे. त्याचं औषधांचं दुकान होतं. वीस वर्षं आमच्या छत्र्या शेजारी शेजारी, दुपारचे पत्ते एकत्र, नातवंडांची बारशी एकत्र. ते दुसऱ्या रांगेत बसले होते, पंधरा नंबरला, नव्या कोऱ्या गादीवर. बाल्दोने त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, नाकातोंडातली वाळू पुसली. पाणी तिथून त्याच्या चाळीसेक पावलांवर होतं, पण त्याचे पाय आता इतके थरथरत होते की उठणं शक्य नव्हतं.

"क्लेलिया, चल," मी म्हटलं. "आपण तिघं काउंटरवर जाऊ. जुनी माणसं एकत्र गेली तर त्याला ऐकावं लागेल."

क्लेलिया नखांकडे बघत राहिली. "ओर्सोला, अगं, आम्ही नोव्हेंबरमध्येच भरलं ना."

"काय भरलं?"

"ते फोनवरचं. मेसेज आला होता."

मी तिच्याकडे वळले. "म्हणजे तुला माहीत होतं. नाताळात तू मला फोन केलास. अर्धा तास सुनेच्या तक्रारी सांगितल्यास. आणि हे सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुलाही आला असेल."

"मग विचारलं का नाहीस?"

बाल्दो मध्ये पडला. "दुसऱ्या रांगेत थोड्याच जागा उरल्या होत्या, ओर्सोला. सगळ्यांचीच धावपळ चालली होती."

"असं म्हण ना! एक माणूस कमी तेवढं बरं!" मी ओरडले. आजूबाजूच्या छत्र्यांखालची वर्तमानपत्रं खाली आली. "याचे पाय तुम्ही बघितलेत! पाण्यात कसा चालतो ते बघितलंत! वीस वर्षं माझ्या ताटात जेवलात आणि मूग गिळून बसलात!"

क्लेलियाने आता मान वर केली. तिचे गाल लाल झाले होते. "नाकाने कांदे सोलू नकोस. सात नंबर तरी तुमचा कुठे होता? तो इओलांदाचा होता. तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती?"

आता हे सांगायलाच हवं. मी टाळणार होते. चौतीस वर्षं आम्ही एर्मेतेकडे येतोय हे खरं, पण त्यातली एकतीस चौथ्या रांगेत गेली. सात नंबर होता नोवाराच्या इओलांदाचा. तिचा नवरा गेला त्या वर्षी ती एकटीच आली. तेरेंझियोचं दुखणं नुकतंच सुरू झालं होतं. मी एर्मेतेला म्हटलं होतं, पुढे जागा झाली तर बघ बाबा. त्या साली मी दोनऐवजी सहा बाटल्या नेल्या होत्या. एर्मेतेने इओलांदाला सांगितलं, पुढे वारा फार लागतो, एकट्या बाईला सहावी रांग बरी. तिने टॉवेल उचलला आणि मागे गेली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी पत्ते वाटले. पुढच्या वर्षी ती आली नाही. माझ्या नवऱ्याला पाणी हवं होतं, म्हणून मी तिच्याबद्दल विचारलंही नाही.

मी तेरेंझियोच्या केसांतली वाळू झटकायला लागले. पण राग कमी झाला असं कुणी समजू नये. उलट वाढला, फक्त आता त्यात मीही होते.

दुपारी खोलीवर तेरेंझियो टेबलाशी बसून होता. मी टोमॅटो चिरून ठेवले ते तसेच राहिले. "घरी जाऊ," तो म्हणाला. "माझं झालं. एक ना एक वर्षी हे होणारच होतं."

"काही झालेलं नाही," मी म्हटलं. "तू समुद्रात जाणार."

"अगं, कुठून जाणार?"

ते मला माहीत नव्हतं. मी चपला घातल्या आणि गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, तेव्हा मला ओढ्याचं तोंड सापडलं. सापडलं कसलं, चौतीस वर्षं तिथेच होतं. एर्मेतेच्या हद्दीपलीकडे दोनशे पावलांवर ओढा समुद्राला मिळतो. वास येतो, गोटे आहेत, म्हणून तिथे कुणाच्या छत्र्या नाहीत. गावातलेच लोक येतात, टॉवेल टाकतात, घरचं खातात. आम्ही त्यांना नेहमी 'ते ओढ्यावरचे' म्हणत आलो. तिथे किनारा अरुंद आहे. होड्या ओढायची सिमेंटची उतरण रस्त्यापासून जवळजवळ पाण्यापर्यंत जाते, आणि उतरणीला कठडा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तेरेंझियोने कठडा धरला. सिमेंटवर त्याचे पाय चिकटत नव्हते. शेवटच्या गोट्यांपाशी ओढ्यावरच्या दोन बायका, माझ्या ओळखीच्या ना पाळखीच्या, उठल्या आणि एकीने त्याचा एक हात धरला, दुसरीने दुसरा. काही विचारलं नाही. पाणी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत आलं. बायकांनी हात सोडले. तो क्षणभर उभा राहिला. मग त्याने खांदे मागे टाकले आणि तो चालू लागला.

समुद्रात कुणी रांगा आखलेल्या नाहीत. तो किनाऱ्याला समांतर चालत गेला आणि मी काठाकाठाने त्याच्या बरोबर. ओढा मागे पडला, एर्मेतेची हद्द आली, पडद्यांचे पलंग आले. जिथे सात नंबर असायचा त्याच्या बरोबर समोर तो थांबला. दर वर्षी इतकं चालल्यावर तो दहा मिनिटं बसतो. मी तडक स्वयंपाकघरामागे गेले, डब्यांशेजारची आमची खुर्ची उचलली आणि आणून पाण्याच्या कडेला ठेवली. माझा हात धरून तेरेंझियो काठापर्यंत आला आणि तिच्यात बसला. पाय लाटेत.

लोरिस धावतच आला. "सिन्योरा, इथे खुर्ची ठेवता येत नाही. कायदा आहे. पाण्यालगतचे पाच मीटर येण्याजाण्यासाठी मोकळे ठेवायचे असतात."

"किती मीटर?"

"पाच."

मी खुर्चीपासून त्याच्या पलंगाकडे चालत गेले. मोठ्याने मोजत. "एक. दोन. तीन. साडेतीन." साडेतीन पावलांवर माझ्या नाकाला पडदा लागला. "तुझा अनुभव कायद्याच्या आत आलाय, लोरिस! यांना उठव आधी, मग माझ्या नवऱ्याला उठव!"

सोनेरी चष्मेवाली पडद्यातून बाहेर आली. मागच्या रांगांमध्ये लोक उभे राहिले. कुणी हसलं, कुणी "बरोबर आहे बाईंचं!" म्हणालं, दोघांनी फोन वर धरले. काल यातल्या एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नव्हता. आज तमाशा होता, म्हणून सगळे हजर. नीवेसही बाहेर येऊन उभी होती, हातात कप न घेता.

फोन दिसले तसा लोरिसचा चेहरा बदलला. तो माझ्या जवळ आला, आवाज खाली आणला. आता तो एकदम गोड बोलत होता.

"सिन्योरा, कशाला हे सगळं? आपण घरची माणसं. दुसऱ्या रांगेतला पंधरा नंबर तुम्हाला देतो. आजपासून. दोरी काढतो, पाण्यापर्यंत फळ्या टाकून देतो."

"पंधरावर बाल्दो आणि क्लेलिया आहेत."

"ते दोघं धडधाकट आहेत, नवव्या रांगेत जातील. मी सांगतो त्यांना, खालून नळाची लाइन टाकायची आहे म्हणून. तुमचं नाव येणार नाही कुठे."

मी मागे पाहिलं. क्लेलिया उन्हासाठी कपाळावर हात धरून आमच्याकडेच बघत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं, पण तिने एका हाताने आपली पिशवी जवळ ओढून घेतली होती. खोटं कशाला बोलू, 'हो' माझ्या जिभेवर आलं होतं. दुसरी रांग. फळ्यांची वाट. एकोणीस दिवस. आणि तिला चांगली अद्दल घडली असती. ओठ उघडलेही होते मी.

"लोरिस," तेरेंझियो खुर्चीतून म्हणाला. इतकं हळू की लोरिसला वाकावं लागलं. "तुझा सासरा बहाणा तरी बरा शोधायचा. वाऱ्याचा."

लोरिसला कळलं नाही. मला कळलं. माझा चेहरा असा तापला की उन्हाशी त्याचा काही संबंध नव्हता.

तेरेंझियोने खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि उठायला लागला. मी पुढे झाले, त्याने मान हलवली. तो तसाच घसरत पुढच्या लाटेत उतरला, हातांवर, गुडघ्यांवर, अगदी लहान पोरासारखा, सगळ्या रांगांसमोर, सगळ्या फोनांसमोर. पाणी कमरेशी आलं तसा उभा राहिला. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ओढ्याच्या दिशेने तोंड केलं आणि निघाला.

"सिन्योरा, मग पंधराचं काय करू?" लोरिस विचारत होता.

मी उत्तर द्यायला थांबले नाही. माझा नवरा पुढे गेला होता. मी काठावरून धावायला लागले, चप्पल एक इथे राहिली, एक तिथे, दम लागला, "अरे थांब, तेरेंझियो, हळू!" म्हणून ओरडले, तरी तो माझ्या पुढेच होता.